फुकटची खुर्ची

मँचेस्टरमध्ये खुर्ची फुकट मिळते, पण दान करता येत नाही. हे कोडं बरेच दिवस डोक्यात घर करून बसलं आहे. ते बाहेर काढल्याशिवाय दुसरं काही सुचणार नाही, म्हणून या वेळचं सदर खुर्चीवर.

मिळते कशी, ते आधी सांगते. शनिवारी सकाळी ऊन पडलं, म्हणजे पडलंच तर, आमच्या गल्लीतले लोक नको असलेल्या वस्तू दारासमोरच्या बुटक्या भिंतीवर मांडून ठेवतात. शेजारी चिठ्ठी : हवं असेल तर न्या. पुस्तकं, कुंड्या, मुलांच्या सायकली, एकदाच वापरलेलं पास्त्याचं यंत्र आणि अधूनमधून एखादी खुर्ची. नेणाऱ्यानं बेल वाजवून आभार मानायचे नसतात; मानले तर देणाराच ओशाळतो. वस्तू उचलायची आणि पाऊस यायच्या आत घर गाठायचं.

दान का करता येत नाही, ते मला पलीकडच्या घरातल्या आजींमुळे कळलं. त्या लेकीकडे राहायला जाणार म्हणून घर आवरत होत्या. जेवणाच्या टेबलाजवळची ओकची खुर्ची, हात असलेली, मुख्य रस्त्यावरच्या धर्मादाय दुकानात पोचवशील का, म्हणाल्या. मी नेली. तिथल्या स्वयंसेवकानं ती कौतुकानं हातात घेतली, उलटी केली, बसकटीखालचा काळा कपडा चाचपला आणि मला परत दिली. "लेबल नाही, लव्ह." इथे बसचा ड्रायव्हरसुद्धा लव्ह म्हणतो, त्यामुळे नकार जरा गोड लागतो, एवढंच. पुढच्या दुकानातही तेच. चारी पाय भक्कम, एकही सांधा हलत नाही, लाकूड असं की आज विकत घ्यायचं म्हटलं तर दहादा विचार करावा; आणि एका चिंधीवाचून तिला कुणी दारात उभं करेना.

ही चिंधी म्हणजे किमतीची चिठ्ठी नव्हे. गादी असलेल्या प्रत्येक घरगुती खुर्चीला, सोफ्याला ती कायमची शिवलेली असावी लागते. आतलं भरण आणि वरचं कापड आगीच्या चाचण्यांना उतरलं आहे, धुमसत्या सिगरेटीनं आणि काडीच्या ज्योतीनं ते भडकत नाही, अशी ती ग्वाही. कायदा १९८८ चा. युरोपात इतका कडक नियम ब्रिटन आणि आयर्लंड सोडले तर कुणी केलेला नाही. दुकान मांडून वस्तू देणाऱ्या सगळ्यांना तो लागू होतो, मग त्या दुकानाचा नफा अनाथ मुलांना जात असो की मांजरांना. दोन शेजाऱ्यांमधल्या देवघेवीत मात्र तो नाक खुपसत नाही. म्हणून खुर्च्या भिंतीवर येतात. मी इतकी वर्षं त्याला इथल्या लोकांचा उदारपणा समजत होते. उदारपणा आहेच, पण त्याला या वाटेवर आणून सोडलंय कायद्यानं.

मी चिडले होते, हे लपवत नाही. सरकारला एक साधी खुर्ची एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाऊ देता येत नसेल तर, वगैरे सगळं मनातल्या मनात बोलून झालं. तो राग उतरवला मास्तरांनी. हे मास्तर कोण, ते पुढे येईलच. ते म्हणाले, पिकॅडिली गार्डन्सला ट्राममधून उतरलीस की कोपऱ्यावरच्या मोठ्या इमारतीकडे मान वर करून बघ.

त्या इमारतीत वुलवर्थ्सचं दुकान होतं. ८ मे १९७९ रोजी भर दुपारी, दुसऱ्या मजल्यावर विक्रीसाठी रचून ठेवलेल्या फर्निचरला आग लागली. कारण बहुधा खराब झालेली विजेची तार. फर्निचरमध्ये पॉलियुरेथेन फोम होता. स्वस्त, हलका, कारखान्याला सोयीचा. पण पेटला की मिनिटांत खोली भरून टाकणारा काळा विषारी धूर सोडतो. वरच्या मजल्यांच्या काही खिडक्यांना गज होते. पाण्याचे फवारे नव्हते. दहा माणसं गेली. बहुतेक जेवायला, खरेदीला आलेली. पुढे मँचेस्टरच्या अग्निशमन दलातल्या लोकांनी फोमविरुद्ध आवाज उठवला, घरोघरच्या सोफ्यांच्या आगी चालूच होत्या, आणि नऊ वर्षांनी तो कायदा झाला. मी त्या इमारतीखालून शेकडो वेळा गेले असेन, बहुतेक वेळा छत्री सावरत. मान वर केली नव्हती.

तेव्हा कायदा वेडगळ नाही. तो फोमसाठी केलेला कायदा आहे, आणि फोमच्या बाबतीत तो हवाच होता. माझं म्हणणं एवढंच की त्याचा इलाजही पुरता निर्धोक निघाला नाही. आग रोखायची म्हणून फोममध्ये आणि कापडात रसायनं घातली गेली. त्यांतल्या डेकाबीडीई या मुख्य रसायनाला पुढे २०१७ मध्ये स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत टाकावं लागलं, कारण ते निसर्गात वर्षानुवर्षं टिकतं आणि शरीरात साठतं. २०१८ साली प्रेस्टनच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी सोफे जाळून पाहिले. रसायनं घातलेल्या ब्रिटिश सोफ्याची आग जरा सावकाश वाढते, पण त्याचा धूर जास्त विषारी असतो, असं त्यांना आढळलं. आणि २०२३ पासून इंग्लंडमध्ये टाकून दिलेल्या गादीच्या खुर्च्या नि सोफे कचरा केंद्रावर वेगळे काढून भट्टीत जाळतात. पुरायचे नाहीत, पुन्हा वापरायचे नाहीत. आगीपासून वाचवायला घातलेल्या रसायनांची अखेर आगीतच होते. यावर मी टिप्पणी करत नाही. केली असती तर ती सभ्य झाली नसती.

आजींची खुर्ची मात्र फोमच्या आधीची. १ जानेवारी १९५० पूर्वी बनलेल्या फर्निचरला कायद्यातून सूट आहे, कारण तेव्हा घोड्याचे केस, काथ्या, कापूस, चिंध्या असलंच काहीतरी भरत. फक्त खुर्चीनं आपलं वय सिद्ध करायला हवं. मागच्या पट्टीच्या आतल्या अंगाला मला एक छाप दिसला : दोन पाचर कापलेल्या चकत्या आणि ४१ हा आकडा. हा 'सीसी ४१'. युद्धकाळात सरकारी नमुन्यानुसार बनलेल्या मालावर तो मारत. कपडे, बूट, फर्निचर, सगळ्यावर. लाकडाची टंचाई होती, बाँबनं घरं जमीनदोस्त झाली होती. मँचेस्टरनं १९४० चा नाताळ तसाच काढला. १९४३ पासून नवं फर्निचर फक्त नवविवाहितांना आणि बाँबनं घर गेलेल्यांना, तेही मोजून मापून. नमुन्यांवर देखरेख करणाऱ्या समितीत गॉर्डन रसेलसारखा नावाजलेला कारागीर-संकल्पक. नक्षी नाही, खोटी जाडी नाही, सांधे चोख. टंचाईतून निघालेलं इतकं प्रामाणिक काम मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि टंचाई संपल्यावर लोकांनी ते किती घाईनं टाकून दिलं, हेही इथले म्हातारे सांगतात.

पण हा छाप १९४१ ते १९५२ चालला. म्हणजे खुर्ची १९४९ ची असेल तर सुटली, १९५१ ची असेल तर अडकली. खुर्ची काही बोलेना. दुकानातल्या स्वयंसेवकानं त्या वादात का पडावं? त्याचं बरोबरच होतं.

अशा रीतीनं खुर्ची माझ्याकडे राहिली. बसकट खचली होती, तेव्हा आधी एका गादीकाम करणाऱ्या कारागिराला विचारलं. एका बसकटीचे ऐंशी पौंड, कापड वेगळं. आकडा मला रास्त वाटला. त्याच्या गाळ्याचं भाडं, उमेदवारीची वर्षं आणि लागणारे तास धरले तर त्याला त्यात फार उरत नसणार. माझी मैत्रीण म्हणाली, "अगं, चाळीस पौंडात आयकियात अख्खी खुर्ची येते." तेही खरंच. ऐंशी आणि चाळीस यांच्यामधल्या फटीत इथली गादीकामाची संध्याकाळची शिकवणी चालते. चर्चच्या सभागृहात, मंगळवारी. मी नाव घातलं.

वर्गात एक निवृत्त भूलतज्ज्ञ आहेत, एक वकील बाई, एक रेल्वे गार्ड, आणि नुकतीच निवृत्त झालेली एक मुख्याध्यापिका. पैशांची अडचण म्हणून आलेला एकही नाही. इथे हातानं काम करणं हे गरिबीचं लक्षण राहिलेलं नाही, ते मोकळ्या वेळेचं लक्षण झालं आहे. मास्तर एकटेच काय ते पोटासाठी हे शिकले. पंधराव्या वर्षी स्टॉकपोर्टच्या एका कारखान्यात उमेदवारीला लागले. ते मूठभर चुका तोंडात धरतात, जिभेनं एकेक ओठांवर आणतात आणि चुंबकी हातोडीनं उचलून ठोकतात. पूर्वी या कामासाठी निर्जंतुक केलेल्या चुका वेगळ्या मिळत. आम्हाला हा प्रकार करायला सक्त मनाई आहे. भूलतज्ज्ञांना त्याचं फार वाईट वाटतं.

आता थोडं कामाचं सांगते. अशी खुर्ची तुमच्यापैकी कुणाकडे, निदान माळ्यावर, असेलच.

बसकट म्हणजे चार पट्ट्यांची लाकडी चौकट. ती खुर्चीच्या खाचेत नुसती ठेवलेली असते. खालून तळव्यानं दाबली की वर येते. पहिलं काम सोलण्याचं. चुका उपसायला बोथट पटाशी आणि लाकडी हातोडा. पटाशी लाकडाच्या रेषांच्या दिशेनं चालवायची. आडवी घातली तर चौकटीचा कपचा उडतो. तोंडाला मास्क बांधायचा, कारण आत कुणाकुणाच्या जेवणांची सत्तर-ऐंशी वर्षांची धूळ असते. जे निघेल ते क्रमानं बाजूला ठेवायचं, फेकायचं नाही. जुनं कापड हाच नव्याचा बेत.

माझ्या चौकटीवर एकावर एक तीन कापडं निघाली. वर सत्तरच्या दशकातलं मोहरी रंगाचं ड्रॅलॉनचं मखमली, त्याखाली फुलाफुलांचं सुती आणि तळाला मूळचं तपकिरी रेक्झिन. स्कूटरची सीट, दवाखान्यातलं बाकडं, एसटीचं आसन, ज्याच्याशिवाय आपलं पानही हललं नाही ते रेक्झिन बनवणारी मूळ कंपनी इथून जवळच, हाइड गावात होती.

जुनं न काढता वर नवं चढवणं ही या धंद्यातली सगळ्यात सोपी फसवाफसवी. दर थराबरोबर चौकट फुगते, खाचेत जाईनाशी होते, मग कुणीतरी ती ठोकून बसवतो आणि वर्षभरात खुर्चीचे सांधे सुटतात. चौकट आणि खाच यांच्यात चारी बाजूंनी दोनतीन मिलिमीटर जागा हवी. जाड कापड आवडलं असेल तर चौकटीवर आधी रंधा मारायचा. रस्त्यावरची खुर्ची घेताना म्हणून मी हल्ली कापड बघत नाही, बसकट उचलून बघते. सहज वर आली तर खुर्ची घ्यावी. पाचर मारल्यासारखी बसली असेल तर पुढे जावं.

सांधे जनावरी सरसाचे असतील तर नशीब समजा. तो सरस वाफेनं, कोमट पाण्यानं सुटतो; सांधा पुसून पुन्हा जोडता येतो. पांढरा गोंद एकदा बसला की पुढच्या माणसाला बरेचदा लाकूड दुखावूनच सांधा उघडावा लागतो. पॉलिश कसलं आहे ते कळायला न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा लावावा. चिकट झालं तर लाख. मग खरवडायची गरज नाही. धूळ काढून लाखेचा नवा पातळ हात दिला की तो जुन्यात विरघळून एकजीव होतो. पॉलिश पेपर घेऊन लाकूड पांढरंफटक करायची हौस इथे फार आहे. मला ती पटत नाही. ऐंशी वर्षं हात लागून काळवंडलेली कड काढून टाकायची असेल, तर जुनी खुर्ची घेतली कशाला?

नंतर नवार. ती तागाची, दोन इंच रुंद. एके काळी इथल्या खुर्च्यांना ती डंडीहून येई, आणि डंडीला ताग बंगालमधून. टोक इंचभर दुमडायचं आणि पाच चुका मारायच्या, त्याही पुढेमागे; एका रेषेत मारल्या तर लाकूड त्या रेषेवर चिरतं. दुसऱ्या टोकाला ताणायची फळी लागते : मध्ये खाच, आणि साखळीला बांधलेली एक खुंटी. नवारीची घडी खाचेतून वर काढायची, तिच्यात खुंटी अडकवायची, फळी चौकटीच्या कडेला टेकवून खाली दाबायची. तशीच धरून तीन चुका. मग नवार कापून, दुमडून, आणखी दोन. आधी सगळ्या उभ्या पट्ट्या, मग आडव्या, एकीखालून एकीवरून. ताण बरोबर आहे का, हे टिचकी मारून ऐकायचं. ढब् आवाज आला तर सैल. टणत्कार आला तर ठीक. त्याहून जास्त हाव धरली तर चौकटच पिळवटते. सगळ्या खुर्चीत हे एवढंच काम असं आहे की ते नीट झालं तर बाकीचं कसंही चालतं आणि हे चुकलं तर वरचं भारी कापड सहा महिन्यांत खड्ड्यात.

नवारीवर घट्ट गोणपाट. गोणपाटात दाभणानं सुतळीचे सैल फासे घालायचे, भरण त्यांत अडकून राहावं म्हणून. माझ्या खुर्चीत मूळ काथ्या होता, पिचून भुगा झालेला. उत्तम भरण घोड्याच्या केसांचं. ते धुऊन, पिंजून पुन्हा पुन्हा वापरतात. सरकारी नमुन्याच्या स्वस्त खुर्चीच्या नशिबी काथ्या. मीही काथ्याच घेतला. मूठ मूठ सोडवून, गाठी काढून, मध्ये जरा उंच राहील असा भरायचा. कमी भरला तर बसणाऱ्याला गोणपाट लागतं, आणि जास्त भरला तर माणूस घसरतो.

आणि इथे, मूठभर काथ्या बोटांनी सोडवताना, मला साताऱ्याचा पिंजारी आठवणार हे ठरलेलंच होतं. या सदराच्या वाचकांना तो नवा नाही. इथल्या प्लंबरवर लिहिलं तेव्हा तो आला, छत्री दुरुस्त होत नाही यावर लिहिलं तेव्हाही आला. आता तर काय, विषयच त्याचा.

उन्हाळ्यात तो दारावरून जायचा. पिंजणाची तार छेडत जायचा, त्यामुळे हाळी द्यायची गरज नसे. माझी आजी त्याला अंगणात बसवायची. गाद्या उसवल्या जायच्या, वर्षभर दबून ढेकळं झालेला कापूस बाहेर यायचा, आणि मग तो पिंजण टांगून, लाकडी ठोकळ्यानं तार वाजवत, त्या ढेकळांचा ढग करायचा. आम्हा मुलांना जवळ यायला बंदी. कापूस नाकातोंडात जातो. त्याच्या नाकातोंडात जायचा त्याचं काय, हे कुणी विचारल्याचं आठवत नाही. कापूस भरून झाला की दाभण आणि जाड दोरा घेऊन तो गादीला टाके घालायचा, सारख्या अंतरावर, न मोजता. अंधार पडायच्या आत चार गाद्या तयार. रात्री त्यांवर पडलं की दुसऱ्याच कुणाच्या घरी पाहुणे गेल्यासारखं वाटायचं.

आजी दिवसभर पायरीवर बसून असायची. सकाळी कापूस वाण्याकडून आणलेल्या तागडीत तोलला जायचा आणि संध्याकाळी गाद्या शिवायच्या आधी पुन्हा. धूळ उडाली तेवढी तूट धरून हिशेब. तूट जास्त वाटली की आवाज चढायचा. मग मजुरीची घासाघीस, दोघांनाही पाठ असलेली. तो दोनदा पिंजण खांद्याला लावून निघाल्यासारखं करायचा, आजी दोनदा त्याला जाऊ द्यायची. शेवटी ठरायचं ते आजीच्या आकड्यापासून फार लांब नसायचं. वर दोन भाकऱ्या आणि पिठलं, ते मात्र आग्रहानं. त्याचं नाव मला माहीत नाही. घरात कुणालाच माहीत नव्हतं. पिंजारी आला, म्हणायचे.

मास्तरांच्या आणि त्याच्या हातांत मला काही फरक दिसत नाही. दोघेही भरणात बोटं खुपसून डोळे मिटतात आणि कुठे कमी आहे ते सांगतात. फरक आहे तो अवतीभोवती. मास्तरांचं नाव सभागृहाच्या दारावर लावलेलं आहे, वेळ ठरलेली आहे, फी आगाऊ भरलेली आहे, आणि भूलतज्ज्ञ त्यांना शंका विचारताना उभे राहतात. मला माहीत आहे, ही तुलना सरळ नाही. मास्तरांच्या पिढीतल्या बहुतेकांचे कारखाने बंद पडले, फोमनं आणि कंटेनरमधून येणाऱ्या फर्निचरनं त्यांचं काम खाल्लं. त्यांना हा मान मिळाला तो धंदा जवळजवळ संपल्यावर. पिंजाऱ्याचं कामही फोमनंच खाल्लं. त्याला संपल्यावरही मान मिळाला नाही, एवढाच काय तो फरक.

उरलेलं काम लवकर सांगते. काथ्यावर मांजरपाट. आधी चारी बाजूंच्या मध्यावर एकेक चूक अर्धीच ठोकायची, मग कोपऱ्यांकडे सरकत जायचं, तळव्यानं भरण दाबत आणि कापड ओढत. अर्ध्या चुका काढून पुन्हा मारता येतात. पुऱ्या ठोकण्याची घाई करायची नाही. मांजरपाटावर कापसाचा पातळ थर, म्हणजे काथ्याची कुसळं वर येत नाहीत. मग शेवटचं कापड. स्वतःच्या घरासाठी काम केलं तर आगीचा कायदा काही विचारत नाही, पण मास्तर विचारतात. लोकर सहजी पेटत नाही, म्हणून मी पेनाइन्स डोंगरांपलीकडे यॉर्कशरमध्ये विणलेलं लोकरी कापड घेतलं, गडद निळं. कोपऱ्यांत कापडाच्या घड्या खाली नेऊन दाबायच्या, वर फुगवटा दिसू द्यायचा नाही. तळाला काळा कपडा ठोकला की झालं.

गणपतीच्या जेवणात खुर्चीचा विषय निघाला. अशा वेळी कुणीतरी म्हणतंच, या वेळी एक काका म्हणाले : "इथले लोक नुसतं टाकतात गं. आपल्याकडे काही टाकायची पद्धतच नाही." माना डोलल्या. आजी असती तर तिनंही डोलावली असती. मी पानातली मटार उसळ संपवली आणि गप्प राहिले, कारण सणासुदीचं कुठे वाद घालायचा. ते इथे लिहिते.

आपल्याकडे वस्तू टाकत नव्हते, कारण ती दुरुस्त करणाऱ्या माणसाला आपण जवळजवळ काहीच देत नव्हतो. दिवसभराच्या कष्टाचे एवढेसे पैसे होणार असतील तर कुणीही गादी पिंजून घेईल, छत्रीची काडी बदलेल, स्टोव्हची पिन करून घेईल. त्यात कापसावरचं प्रेम कमी आणि माणसाचं स्वस्त असणं जास्त. इथे माणूस महाग झाला, म्हणून वस्तू भिंतीवर आल्या. मला इथल्या फेकाफेकीचं मुळीच कौतुक नाही. ओकची खुर्ची भट्टीत घालणाऱ्या शहरानं कुणाला पर्यावरण शिकवू नये. पण कारागिरानं ऐंशी पौंड मागितले तर इथे कुणी त्याच्यासमोर तागडी आणून ठेवत नाही. परवडत नसेल तर खुर्ची तशीच राहते, किंवा आपण चर्चच्या सभागृहात जाऊन बोटं ठोकून घेतो. दोन्ही शहरांतलं कोणतं बरं, याचा निवाडा मी करणार नव्हते. पण लिहिता लिहिता झालेला दिसतोय, तर राहू दे.

काकांनी पुढे विचारलंच, "मग एकूण खर्च किती आला?" नवार, चुका, गोणपाट, काथ्या, कापड मिळून आयकियाच्या खुर्चीपेक्षा थोडा जास्त. माझे तास धरले, आणि त्या कारागिराच्या दरानं धरले, तर ही आमच्या घरातली सगळ्यात महाग वस्तू ठरेल. खुर्ची त्यांना आवडली. बसून, हात टेकवून, पुढेमागे हलून त्यांनी ती तपासली आणि त्यांच्या चार खुर्च्या करून देशील का, म्हणून विचारलं. मी दर सांगितला. ते हसले, त्यांना वाटलं थट्टा आहे.

तुमच्या गल्लीतून अजून कुणी पिंजण वाजवत जात असेल, किंवा वेताच्या खुर्च्या विणून देणारं कुणी माहितीतलं असेल, तर काम त्यालाच द्या. नाव विचारा. सांगेल तो आकडा द्या. घासाघीस करायचीच असेल तर करा, तुमचा नाइलाज मी समजू शकते. फक्त त्यात वाचलेल्या पैशांना काटकसर म्हणू नका.